दिल्लीचे सगळे दरवाजे शाहजहानचे?

फिरत असलेला दावा असा: काश्मिरी, अजमेरी, तुर्कमान, दिल्ली गेट आणि खूनी दरवाजा हे सगळे शाहजहानच्या एकाच तटाचे दरवाजे.

खूनी दरवाजा त्या तटात नव्हताच. हे घरबसल्या ताडून बघता येतं. नकाशावर दर्यागंजच्या दक्षिण टोकाला दिल्ली गेट सापडेल. शहराचा तट तिथेच संपत होता. तिथून दक्षिणेला, मथुरेच्या दिशेने गेलात की फिरोजशाह कोटल्यासमोर खूनी दरवाजा येतो, म्हणजे सरळसरळ शहराबाहेर. तो शेरशाह सूरीच्या दिल्लीचा मानतात. शेरशाह वारला 1545 मध्ये, आणि शाहजहानाबादचं काम सुरू झालं 1639 मध्ये. मधे जवळजवळ शंभर वर्षं!

गोंधळ होणं साहजिकच आहे. नावंच तशी आहेत: दिल्ली आणि लाहोरी असे दरवाजे लाल किल्ल्यालाही होते आणि शहराच्या तटालाही. त्यातला शहराचा लाहोरी दरवाजा आज उरलेला नाही.

काश्मिरी गेट मात्र तटातलंच, पण आजची दोन कमानींची वास्तू 1835 ची, कंपनी सरकारने उभारलेली. एक कमान जाण्यासाठी, दुसरी येण्यासाठी. तटाची डागडुजीही कंपनीनेच केली होती. 1804 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा या भिंती किती कमकुवत आहेत ते कंपनीला नीट कळलं होतं.