उथळ पाण्याला खळखळाट का असतो?

पाणी दगडावर आपटते म्हणून ओढा वाजतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नुसत्या आपटण्याचा आवाज अगदी क्षीण असतो. ओढ्याची झुळझुळ, दगडांमधली खळखळ आणि डोहात पडणाऱ्या धारेचा नाद हे जवळजवळ सगळे पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेचे, म्हणजे बुडबुड्यांचे काम असते. आत हवा शिरली नाही, तर वेगाने जाणारे पाणीही फारसे ऐकू येत नाही.

हे गणिताने मांडले ते मार्सेल मिनार्ट यांनी. बेल्जियममध्ये जन्मलेले मिनार्ट नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास करत. पण मोकळ्या निसर्गात सहज दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या घटनांचेही त्यांना मोठे कुतूहल होते. वाहत्या पाण्याच्या आवाजावरचा त्यांचा शोधनिबंध १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला विचार असा, की बुडबुड्यातली हवा दाबली गेली की स्प्रिंगसारखी उलट ढकलते आणि भोवतीचे पाणी त्या स्प्रिंगला जोडलेल्या वजनासारखे मागेपुढे होते. बुडबुडा असा क्षणभर आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्या थरथरीचा स्वर उमटतो. त्रिज्या निम्मी झाली की कंपने दुप्पट होतात. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो, तर १ सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३०. यातला पहिला आकडा आपला कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, नेमका त्यातला आहे; ओढा लांबूनही ऐकू येतो याचे एक कारण हे असावे, असे मला वाटते. आकाराच्या मानाने बुडबुड्याचा स्वर बराच खालचा असतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ३,३०० कंपनांचा तोच स्वर दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीतून काढायचा, तर ती सुमारे ५ सेंटिमीटर लांब लागेल. बुडबुड्याला २ मिलिमीटर व्यास पुरतो, कारण तिथे हलणारे वजन हवेचे नसून तिच्यापेक्षा जवळपास ८०० पट जड असलेल्या पाण्याचे असते.

बुडबुडा कोंडला कसा जातो, हे गळक्या नळाखालच्या बादलीत चांगले पाहता येते. थेंब पडतो, पृष्ठभागावर खळगा होतो, खळगा भरून येताना मधोमध पाण्याची बारीक धार वर उसळते आणि त्याच वेळी खळग्याच्या तळाशी हवेचा छोटासा अंश तुटून पाण्याखाली राहतो. केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला मायक्रोफोन एकाच वेळी वापरून २०१८ साली दाखवून दिले, की थेंबाचे आदळणे, खळग्याचे रुंदावणे आणि धारेचे उसळणे हे तिन्ही टप्पे जवळजवळ निःशब्द असतात. ‘टुप्’ असा आवाज बुडबुडा तुटला की मगच येतो. हा बुडबुडा आपल्या वरच्या पाण्याचा पृष्ठभाग थरथरवतो आणि त्यातून आवाज हवेत पोचतो. बादलीत भांडी घासण्याचा थोडा द्रवरूप साबण टाकला, तर पृष्ठताण कमी होऊन बुडबुडा तुटेनासा होतो आणि थेंब पडत राहूनही आवाज थांबतो. घरच्या घरी करून पाहावा असा हा प्रयोग आहे.

आता ओढ्याकडे वळू. उथळ पाण्यावरच्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो: ५ सेंटिमीटर खोल पाण्यात तो सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर, तर २ मीटर खोल पाण्यात सुमारे साडेचार मीटर असतो. प्रवाह स्वतःच्या लाटेपेक्षा वेगाने जाऊ लागला आणि पुढे त्याला मंद व्हावे लागले, की पाणी एकदम उंचावते, उलटून स्वतःवरच कोसळते आणि हवा आत ओढते. ओढ्यातल्या प्रत्येक दगडामागची पांढरी, फेसाळ जागा म्हणजे बहुधा हेच स्थित्यंतर असते. सेकंदाला ७० सेंटिमीटर हा सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग आहे, म्हणून ओढ्याला तो सहज ओलांडता येतो. खोल नदीला साडेचार मीटरचा वेग गाठायला महापूर लागतो. शिवाय खोल पाण्यात तळाचे दगड पृष्ठभागाला क्वचितच भेदतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण या अर्थाने शब्दशः खरी आहे.

धबधब्याची घनगंभीर गर्जना मात्र सुट्या बुडबुड्यांवरून उलगडत नाही. तिथे बुडबुड्यांचे दाट लोट असतात. निव्वळ पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने जातो, पण पाण्यात केवळ १ टक्का हवा मिसळली तरी हा वेग शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत, म्हणजे हवेतल्या वेगापेक्षाही खाली येतो. अशा मिश्रणात शेजारशेजारचे बुडबुडे एकमेकांना हलवतात आणि आख्खा लोट एकत्र कंप पावून एकट्या बुडबुड्यापेक्षा कितीतरी खालचा स्वर काढतो.

या ज्ञानाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग समुद्रावर आहे, कारण भर समुद्रात पर्जन्यमापक बसवणे अवघड असते. ह्यू पम्फ्री आणि लॉरेन्स क्रम यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की सुमारे ०.८ ते १.१ मिलिमीटर व्यासाचे थेंब सरळ खाली पडले की दर वेळी एक बुडबुडा कोंडतात. या बुडबुड्यांमुळे रिमझिम पावसाचा आवाज पाण्याखाली सेकंदाला १५,००० कंपनांच्या आसपास एकवटतो. त्याहून थोडे मोठे थेंब बव्हंशी गप्प राहतात, तर २ मिलिमीटरपेक्षा मोठे थेंब निरनिराळ्या आकारांचे बुडबुडे सोडून खालच्या स्वरांतही गोंगाट करतात. त्यामुळे पाण्याखालच्या मायक्रोफोनने वेगवेगळ्या कंप्रतांवर (म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार) आवाजाची पातळी मोजली, तर पाऊस पडतो आहे की नाही एवढेच नव्हे, तर थेंब लहान आहेत की मोठे याचाही अंदाज येतो. वारा वाढून थेंब तिरपे पडू लागले, की रिमझिम पावसाची ही खूण पुसट होते. शिवाय वाऱ्याने फुटणाऱ्या लाटाही आवाज करतात, म्हणून तो वेगळा काढूनच ही मोजणी करावी लागते.