बाग आडवी झाल्यावर

जूनच्या तोंडावर जळगावच्या यावल-रावेरकडे वादळ आलं की अर्ध्या तासात बाग आडवी होते. केळीच्या खोडात लाकूड नसतंच. पानांची आवरणं एकावर एक घट्ट गुंडाळून तो खांब तयार झालेला असतो आणि वर घडाचं वजन. आमच्या शेजारच्या आबांची निसवलेली, म्हणजे घड बाहेर आलेली बाग अशीच पडली. दुसऱ्या दिवशी ते ठिबकच्या नळ्या गोळा करत होते, तर बांधावरून एकजण म्हणाला, "आबा, जे होतं ते चांगल्यासाठीच. पॉझिटिव्ह राहा." आबांनी मान वर केली नाही.

संकटानंतर माणूस वाढू शकतो, हे मानसशास्त्र मानतं. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९६ साली ही 'आघातोत्तर वाढ' मोजायला २१ प्रश्नांची मोजपट्टी दिली. पण वाढ संकटामुळे होते, असं ते म्हणत नाहीत. ती होते संकटाशी केलेल्या झटापटीतून, आणि दुःख तेव्हाही सोबत असतंच.

ही झटापट मनात कशी चालते, ते मला फार मोलाचं वाटतं. कष्ट केले की फळ मिळतं, उद्याचा दिवस आजसारखाच उगवतो, अशा गृहीतकांवर आपण जगतो. आघात ही गृहीतकंच मोडतो. मग पहिले काही आठवडे विचार आपण करत नाही, ते आपल्यावर चालून येतात: तोच वारा, तोच आवाज, रात्री दोन वाजता. हळूहळू काहींच्या बाबतीत या रवंथाची जात बदलते. माणूस मुद्दाम बसून विचार करू लागतो: काय मोडलं, काय शिल्लक आहे, आता कशावर भरवसा ठेवायचा? मोडलेल्या गृहीतकांच्या जागी नवी, जास्त टिकाऊ गृहीतकं इथे बांधली जातात. वाढ म्हणतात ती हीच.

आशावादाचं काम इथे येतं. प्रयत्नाला अर्थ आहे असं वाटणारा माणूस प्रश्नाकडे पाठ फिरवत नाही, जे हातात आहे त्याला हात घालतो. कृतज्ञता लक्ष वळवते ते कोण धावून आलं याकडे. त्यातून माणसं जवळ राहतात, बोलणं होतं, आणि बोलता बोलता तो मुद्दाम करायचा विचार पुढे सरकतो. अभ्यासांत या दोन्ही गोष्टी वाढीसोबत आढळतात. मात्र सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की 'मी बदललो' असं सांगणं आणि आघाताआधी-नंतर मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसत नाही. म्हणून 'एकवीस दिवसांत कृतज्ञतेने आयुष्य बदला' म्हणणाऱ्या शिबिरांना आणि साडेसातीचा उपाय विकणाऱ्यांना मी एकाच रांगेत बसवतो. दोघेही पडलेल्या माणसालाच दोषी ठरवतात: तुझी श्रद्धाच कमी पडली.

श्रावणात आबांकडे गेलो तेव्हा त्यांनी वही दाखवली. एका पानावर नावं होती: कोणाचा ट्रॅक्टर किती तास आला, कोणी डबा पाठवला, कोण नुसतंच येऊन बसलं. पुढच्या पानावर कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीचा हिशेब, तीनदा खोडलेला. शेवटी लिहिलं होतं: केळी अर्ध्यातच, बाकी हरभरा. आणि वारा अडवायला बांधाला शेवरीच्या झाडांची दाट ओळ.