गाडी मिसिंग मारतेय? मग गॅरेजला आणण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढू नका

पाऊस सुरू झाला की रोज दोन-तीन फोन असतात, गाडी झटके मारते, पिकअप नाही, सिग्नलला थरथरते, काय झालं असेल आणि किती खर्च येईल. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल किंवा गॅस नीट न पेटणं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापलाय. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतंच लिहितोय, डिझेलचं गणित वेगळं, ते समोर आल्यावर बोलू.

सगळ्यात आधी एक विनंती. चेक इंजिनची लाईट लागली की टर्मिनल काढून दहा मिनिटांनी परत लावायचं, लाईट जाते, हा सल्ला प्रत्येक चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. कृपा करून ऐकू नका. गेल्या श्रावणात पालीचे एक काका आले, त्यांची गाडी आंबा घाट चढताना मिसिंग मारत होती, लाईट ब्लिंक होत होती, कुणीतरी टर्मिनल काढून दिलं आणि लाईट गेली म्हणून काका खूश. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे, स्कॅनर लावला तर पाटी कोरी. हातखंब्यापासून नाणीजपर्यंत दोनदा नेऊन आणली, गाडी एकदम मख्खन. तिसऱ्या दिवशी साखरप्याच्या पुढे चढाला लागली तेव्हा कुठे पकडली, तीन नंबरच्या सिलेंडरची कॉईल, म्हणजे प्लगला करंट देणारा भाग. बदलायला वीस मिनिटं लागली, शोधायला तीन दिवस.

कारण असं की मिसिंग झालं की गाडीचा कॉम्प्युटर नुसती लाईट लावत नाही, कुठल्या सिलेंडरला झालं त्याचा कोड लिहून ठेवतो, पी०३०१ म्हणजे एक नंबर, पी०३०३ म्हणजे तीन नंबर, पी०३०० म्हणजे नक्की एकाच सिलेंडरचं नाही, आणि त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, इंजिनवर लोड म्हणजे ताण किती हेही टिपून ठेवतो. टर्मिनल काढलं की बहुतेक गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. वर आयडलिंगचं (गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्याचं) जे सेटिंग गाडीने स्वतः शिकून घेतलेलं असतं तेही जातं, मग पुढचे काही दिवस गाडी तशीच थोडी रफ चालते आणि मूळ दुखणं कुठलं नि नवं कुठलं हे आम्हालाही कळत नाही. मोबाईलवरच्या स्कॅनरने कोड क्लिअर करणाऱ्यांनाही हेच लागू. बघा खुशाल, फोटो काढा, पण पुसू नका.

लाईट लागून राहिली असेल तर हळूहळू गाडी आणता येते. पण ब्लिंक होत असेल तर रेस मारू नका, घाटात तर नकोच, बाजूला घ्या नि फोन करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, तो आतून वितळतो, आणि त्याची किंमत कॉईलच्या कितीतरी पट असते.

दुसरं म्हणजे गणपतीला गावी जायचं म्हणून इंजिन प्रेशरने धुऊन आणलेल्या गाड्या. प्लग खोल खड्ड्यात बसलेला असतो, तिथे पाणी साचतं नि बाहेर यायला वाट नसते. असा प्लग काढला की चिनीमातीवर गंजाचं कडं दिसतं, आणि कधीकधी पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे करंटने शोधलेला शॉर्टकट, ठिणगी टोकाला पडायच्या ऐवजी तिथून बाहेर उडते. लोडवर सिलेंडरमध्ये दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दारात गाडी ठीक आणि घाटात झटके. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, कॉईलचं रबरही बघावं लागतं, तीच रेघ त्याच्या आतही असते. आम्ही जुना प्लग हातात देतो, तुम्हीच बघा.

उलट, थांबल्यावर थरथरते पण रस्त्याला लागली की गुळगुळीत, असं असेल तर आम्ही आधी थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग) कार्बन आणि व्हॅक्यूमचे रबरी पाईप बघतो. पेट्रोलवर ठीक नि फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर बरेचदा प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट) वाढलेला असतो, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते. मुंबईकरांची गावातली गाडी आठ-आठ महिने मांगरात (शेतातल्या शेडमध्ये) उभी असते, तिथे उंदरांनी वायर कुरतडलेली निघते, नाहीतर पेट्रोलच खराब, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. मिऱ्या, जयगड, गणपतीपुळे भागातल्या गाड्यांना खारा वारा, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, वरून वायर शाबूत दिसते.

स्कॅनर लावायचे ५०० का, असं विचारतात. तर ते लाईट बघायचे नाहीत, शोधायचे आहेत. तीन नंबरची कॉईल एक नंबरला लावून गाडी चालवतो, मिसिंग एक नंबरला गेलं तर कॉईल खराब, तीनलाच राहिलं तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब). चारही कॉईल नि चारही प्लग एकदम बदलून द्यायला आम्हालाही सोपं आहे, बिलही मोठं होतं. काम आमच्याकडे केलंत तर ५०० बिलातून वजा.

सकाळी थंड असतानाच मिसिंग मारत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, दहा किलोमीटर चालवून गरम करून आणलेल्या गाडीत ते दिसणार नाही. शेड बंदिस्त आहे. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आताच भरत आलेत, प्लग-कॉईल चेकिंग करून घ्यायचं असेल तर नागपंचमीच्या आत या, नंतर फक्त ब्रेकडाऊनच्या गाड्या घेतो.