बार्शी लाईटची जुनी वाट

रूळ उचलून नेले, स्लीपर गेले, स्टेशनची कौलंही उतरली. तरी जुनी रेल्वे ओळखता येते, कारण मातीचं काम जागेवरच राहतं.

आपली बार्शी लाईट, म्हणजे सोलापूरकडची छोट्या रुळांची रेल्वे घ्या. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलीमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू केली. पुढे हीच लाईन पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. नवी लाईन वळून धाराशिवला गेली आणि जुनीचे काही तुकडे तसेच रानात राहिले.

अशा तुकड्यावर उभं राहिलं की आधी चढाकडे बघावं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं, म्हणून थोड्या ताकदीत मोठं वजन ओढता येतं. पण त्याच कारणाने चढावर चाक घसरतं. मग जमीन खाली गेली की भराव घालायचा, वर आली की कापायची. बैलगाडीची वाट टेकडीवर सरळ चढते, रेल्वे मात्र वळसा घेते. शेतांमधून एकसारख्या उंचीने जाणारा लांबलचक बांध दिसला आणि त्याच्या कडेला माती उकरल्याचे खड्डे असले, की खात्री पटते.

कॅलथ्रॉपची खरी हुशारी वजनाच्या हिशेबात होती. चाकांच्या कुठल्याही आसावर (अ‍ॅक्सलवर) ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंजिन जड असेल तर आस वाढवायचे. त्यामुळे हलके रूळ आणि हलके पूल पुरले, खर्च आवाक्यात आला. मला हा नियम या लाईनीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता मूठभर खडी उचला. बेसॉल्टचे कोनदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात, म्हणून भार सहन होतो, आणि मधल्या फटींतून पाणी निघून जातं. आपल्या काळ्या मातीला हे फार गरजेचं, कारण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. खडीत एखादा हलका, भोकाभोकांचा काळा खडा सापडला तर जपून ठेवा. तो इंजिनाच्या भट्टीत जळलेला कोळसा असू शकतो.