बाईचा रोज, गड्याचा रोज आणि सरकारचा रोज

शेतमजुराला किमान किती मजुरी द्यायची, हे ठरवणारा किमान वेतन कायदा आपल्याकडे 15 मार्च 1948 ला आला. गावात चौकशी केली तर मात्र राजपत्रातला आकडा कोणी सांगत नाही. बाईचा रोज इतका, गड्याचा इतका, असं उत्तर मिळतं. खुरपणी-काढणीच्या हंगामात रोज चढतो, उन्हाळ्यात बसतो. काम उक्तं किंवा गुत्त्याने, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून घेतलं, तर रोजाचा हिशोबच कोणी करत नाही.

कायदा करतानाच शेतीला वेगळ्या रांगेत उभं केलं होतं. तेल गिरण्या, विडी कारखाने, रस्त्यांची कामं पहिल्या यादीत होती, तर दुसऱ्या यादीत एकटी शेती. शेतीसाठी दर ठरवायला राज्यांना जास्त मुदत मिळाली आणि ती पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. दर सबंध राज्याला लागू न करता एखाद्या भागापुरता ठेवायचीही सोय होती. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाच्या गरजांवरून वेतन मोजायचं सूत्र दिलं: तीन माणसांचा आहार, माणशी 2,700 उष्मांक, वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, इंधन. कारखान्यातल्या कामगाराला त्या सूत्राचं बोट धरून भांडता आलं, कारण त्याच्यामागे युनियन होती. बांधावरच्या बाईमागे कोण होतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने पुढे आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बांध, मुकादमाची हजेरी, मुलांना सुकडीचा पूरक आहार, रेशनवर लाल मिलो ज्वारी. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांपुढे आजही नुसतं 'बहात्तर' म्हटलं की पुरतं. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. पगारपत्रकातली ती छोटी कपात आजही होते, पण ती कशासाठी सुरू झाली हे किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे. हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.

या योजनेने एक मोठं काम केलं. सरकारी कामावर बाईला आणि गड्याला कामाच्या मापाप्रमाणे एकच दर होता. पाझर तलावावर जाता येतं म्हटल्यावर, गावातल्या मालकाशी बोलताना मजुराचा आवाज थोडा वाढला. कामगार निरीक्षक ज्या शिवारात कधी फिरकला नसता, तिथे दराला खालून टेकू मिळाला. पण खुद्द योजनेचे दर मुद्दामच कमी ठेवलेले होते, म्हणजे भर हंगामात शेतीचे मजूर तिकडे पळू नयेत.

इथेच खरी मेख आहे. 1982 मध्ये एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 खाली सक्तमजुरी ठरते. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या खटल्यात दुष्काळी कामांनाही तोच न्याय लावला. महाराष्ट्रात 1988 मध्ये शेतमजुरीचे किमान दर दुपटीने वाढले आणि हमीचेही दर त्याबरोबर वर गेले. त्यानंतर हमीवरचा रोजगार घटला. 'मागेल त्याला काम' कागदावर राहिलं, प्रत्यक्षात कामं मोजून मापून निघू लागली. दर वाढला की रोजगार घटतो, असं म्हणणाऱ्यांना हा आयता दाखला मिळाला. मला तो दाखला अर्धाच वाटतो. इथे मालक सरकार होतं, आणि किती कामं काढायची तेही सरकारच ठरवत होतं.

शेतकऱ्याची बाजूही खोटी नव्हती. कोरडवाहू पाच एकरवाला स्वतःच दुसऱ्याच्या बांधावर जातो, तो किमान वेतन कुठून देणार? शेतकरी संघटनेचं म्हणणं होतं की आधी मालाला उत्पादन खर्चावर भाव द्या, मजुरी त्यातून निघेल. भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढते, हा त्यातला विश्वास मात्र मजुरांच्या संघटनांना कधी पटला नाही.

2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तर वाद कलमातच बांधला. 1948 च्या कायद्यात काहीही असलं तरी केंद्र आपला दर जाहीर करू शकेल, असं कलम 6 मध्ये लिहिलं. 2009 मध्ये केंद्राने तो अधिकार वापरला आणि राज्यांच्या किमान वेतनाशी असलेली गाठ सुटली. 2019 मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने देशाचं किमान वेतन दिवसाला 375 रुपये असावं असं सुचवलं, तेही 2018 च्या किमतींवर. महाराष्ट्रात 2024-25 साठी हमीच्या कामाचा दर 297 रुपये होता.