शान मुलगी, शॉन मुलगा

शान वेल्समधली, शॉन आयर्लंडमधला. देवनागरीत लिहिलं की फरक एका अर्धचंद्राचा, घोळ तिथेच संपतो. रोमन लिपीत मात्र शान म्हणजे एस-आय-ए-एन आणि शॉन म्हणजे एस-ई-ए-एन. पहिल्यांदा वाचणारा एकीची 'सियान' करतो, दुसऱ्याचा 'सीन'.

नात्याने दोघं भावंडंच. शान म्हणजे जेन, शॉन म्हणजे जॉन. दोन्ही भाषांत मुळात 'ज' नव्हता, म्हणून बाहेरून आलेल्या नावांत त्याचा 'श' झाला. (वेल्श जॉन पुन्हा वेगळा, तो 'शोन'.) वेल्शमध्ये एस-आयपुढे स्वर आला की 'श', दुकानाला तिथेही शॉपच म्हणतात, पण लिहितात एस-आय-ओ-पी. आयरिशमध्ये शेजारच्या ईमुळे एसचा 'श' होतो आणि ती ई स्वतः गप्प बसते.

डोक्यावरच्या खुणाही वेगळ्या. शानच्या ए वर टोपी असते, वेल्शमध्ये तिचं नाव 'छोटं छप्पर'. शॉनच्या ए वर तिरकी रेघ. दोन्हींचं काम स्वर लांबवण्याचं. पण शॉनची रेघ विसरलात तर उरलेल्या शब्दाचा आयरिशमध्ये अर्थ होतो 'म्हातारा'. बारशाला हे बरं नव्हे.

माझं मत विचाराल तर वेल्श स्पेलिंग दिसतं भयंकर, पण असतं सरळ. वर्णमालेत 29 अक्षरं, त्यांतली 8 जोडीने लिहायची. एक एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ'. डब्ल्यू बहुतेकदा 'ऊ'. चार नियम कळले की बरीचशी नावं वाचता येतात. आपल्याकडे 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च' एकाच अक्षरात कोंबलेत, तेव्हा आपण फार बोलू नये.

आयरिशला इतिहास माहीत असावा लागतो. जुन्या लिपीत व्यंजन मऊ झालं, म्हणजे 'ब'चा 'व' असा उच्चार सैल झाला, की त्याच्या डोक्यावर टिंब देत, आपल्या नुक्त्यासारखं, फक्त वर. विसाव्या शतकात ते टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच आला. म्हणून 'शिवॉन' या मुलीच्या नावातला 'व' बी-एचने लिहितात आणि 'नीव' या नावातला एम-एचने.

देवनागरीही एका ठिकाणी अडते. 'लिनोस' हे मुलीचं वेल्श नाव, एका छोट्या गाणाऱ्या पक्ष्याचं. सुरुवातीला दोन एल. जीभ 'ल'साठी टेकवायची, आवाज काढायचा नाही, नुसती हवा बाजूने फुंकायची. 'ल्ह' लिहून पाहिलं, 'श्ल' लिहून पाहिलं. नाही जमलं.