ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स बसत नाही

'जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल बदलू नका, गिअरबॉक्स बसेल,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. बहुतेकांना ऑइल आठवतं तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. तोवर आतल्या क्लच प्लेट झिजलेल्या असतात. पुढे गिअरबॉक्स बसतो आणि आळ नव्या ऑइलवर येतो.

म्हणून आधी ऑइल तपासा. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर गाडी सपाट जागी, ऑइल गरम आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू हवं. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच पाळा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. तपकिरी म्हणजे बहुधा जुनं झालंय. काळं आणि जळका वास येत असेल, तर क्लच जळलेत. तिथे नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. पातळी कमी असेल तर डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी उशिरा उचलते. गळती शोधा, ऑइल भरा, अनेकदा तेवढ्यावर सुटतं.

ठरावीक गिअरच अडतोय? गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड ट्रान्समिशनमध्ये दोष आहे एवढंच सांगतो, नेमका दोष सोबतच्या कोडमध्ये असतो. तो सोलेनॉइडचा (ऑइलचा प्रवाह सांभाळणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) निघाला, तर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उघडून काम होतं. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.